गाडी बदलायचं गाव

केम स्टेशन गेलं की आई आम्हाला उठवायची. "उठा, कुर्डुवाडी आली." ती आलेली नसायची. चांगली वीस-पंचवीस मिनिटं बाकी असायची. पण तेवढ्यात वळकट्यांचे पट्टे आवळायचे, फिरकीचा तांब्या पिशवीत उभा बसवायचा, धाकटीची एक चप्पल बाकाखाली गेलेली असायची ती शोधायची, आणि अण्णांनी तीनदा नग मोजायचे. ट्रंक एक, वळकट्या दोन, पिशव्या तीन, पोरं दोन. आठ. आकडा जुळला की ते दाराशी जाऊन उभे राहायचे.

डब्यातले बहुतेक लोक सोलापूरचे नाहीतर त्याच्याही पुढचे. ते गाढ झोपलेले असायचे. पहाटेच्या अंधारात धडपडत उतरणारे आमच्यासारखेच, कुणी बार्शीचे, कुणी लातूरचे, कुणी पंढरपूरचे. कुर्डुवाडीला उतरून कुर्डुवाडीतच घरी गेलेलं माणूस मी लहानपणी पाहिल्याचं आठवत नाही. या गावात कुणी राहतच नसावं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. स्टेशन आहे, फलाट आहे, चहा आहे, हमाल आहेत. गाव असायची गरजच काय?

आमचं आजोळ बार्शीचं. पुण्याहून एसटीनं जाता आलं असतं, पण आईला एसटी लागायची. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या माझ्या सगळ्या मे महिन्यांच्या सुट्ट्या कुर्डुवाडीवरून गेल्या. मोठ्या गाडीतून उतरायचं आणि छोटी गाडी सुटेपर्यंत दोन-अडीच तास वळकटीवर बसून राहायचं. उजाडलं की छोटी गाडी दिसायला लागायची. मोठ्या गाडीच्या शेजारी ती एखाद्या म्हशीशेजारी उभ्या असलेल्या रेडकासारखी दिसे. रुळांमधलं अंतर इतकं कमी, की आमची ट्रंक मध्ये आडवी ठेवली असती तर जेमतेम मावली असती. अडीच फूट. पलीकडचे मोठे रूळ साडेपाच फुटांचे. दोन्ही रूळ एकाच गावात येत होते आणि एकमेकांशी जुळत नव्हते, एवढ्यावर कुर्डुवाडी हे गाव उभं राहिलं होतं. हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

छोट्या गाडीला सगळे 'बारशी लाईट' म्हणायचे. आम्हा भावंडांचा समज असा, की गाडीत दिवे आहेत म्हणून 'लाईट'. प्रत्यक्षात डब्यात एखादाच मिणमिणता दिवा असायचा, तोही असला तर. 'लाईट' म्हणजे हलकी, हे मामानं सांगितलं तेव्हा मी थोडा हिरमुसलो होतो.

कुर्डू नावाचं गाव जवळच आहे, माढा तालुक्यातलं. त्याची ही वाडी. कुर्डू नावाची रानभाजीही आहे, शेतात न पेरता उगवणारी, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांची. गावाचं नाव त्या भाजीवरून पडलं की काय, मला माहीत नाही, पण कुर्डुवाडीही तशीच न पेरता उगवली एवढं खरं. पेरलं होतं ते स्टेशन. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुण्याहून निघालेला रूळ भीमेच्या खोऱ्यातून सोलापूरकडे चालला होता. तो १८५९ साली इथवर आला आणि १८६० साली सोलापूरला पोचला. रेल्वेला सोलापूर गाठायचं होतं. मधली माळरानं ही नुसती ओलांडायची जागा होती. स्टेशन कुठेतरी हवं म्हणून ते वाडीशी झालं. आणि नाव काय दिलं? बार्शी रोड.

रेल्वेच्या भाषेतला हा 'रोड' शब्द मला फार प्रामाणिक वाटतो. नाशिक रोड, अक्कलकोट रोड, पुढे छोट्या गाडीच्या वाटेवरचं कळंब रोड. स्टेशनच्या नावात 'रोड' दिसला की समजायचं, तुम्हाला जायचंय ते गाव इथे नाही, इथे फक्त त्याची वाट सुरू होते. कुर्डुवाडीच्या वाट्याला तर स्वतःचं नावही आलं नाही. जन्मल्यापासून ती दुसऱ्या गावाच्या नावानं ओळखली गेली, घरकामाला आलेल्या पोरीला मालकिणीच्या नावानं हाक मारावी तसं.

बार्शीचं नाव मोठं असण्याला कारण होतं. बार्शी इंग्रजी मुलखाच्या अगदी काठावर. थोडं पूर्वेला गेलं की निजामाची हद्द लागायची. बालाघाटाच्या पठारावरचा कापूस, जवस, करडई, तूर, सगळं उतरून बार्शीच्या पेठेत यायचं. तिथे अडते, दलाल, सरकी काढणारे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडच्या काळ्या रानातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. त्या धामधुमीत इथला रूळ नुकता पडलेला. बार्शी ते बार्शी रोड हे पस्तीसेक किलोमीटर अंतर बैलगाड्यांनी तुडवायला सुरुवात केली. गाडीवान, हुंडेकरी, गोदामवाले, बैलांना कडबा विकणारे, माणसांना भाकरी विकणारे. म्हणजे छोटी रेल्वे यायच्या आधीपासून इथला धंदा हाच होता, एका वाहनातून माल काढायचा आणि दुसऱ्यात घालायचा.

पंढरपूरचे वारकरीही इथेच उतरायचे. पुढची पन्नासेक किलोमीटर पायी, नाहीतर छकड्यात.

आणि मग तो इंग्रज आला. एव्हरर्ड कॅल्थ्रॉप. १८८२ साली जीआयपीत नोकरीला आलेला इंजिनियर. त्याच्या डोक्यात एक कल्पना पक्की बसलेली होती, की मोठ्या रेल्वेला हातपाय फुटले पाहिजेत. बाजारपेठेच्या गावांपर्यंत स्वस्त, अरुंद, हलके रूळ गेले पाहिजेत. ही कल्पना घेऊन त्यानं बरीच वर्षं खेटे घातले. १८९५ साली कंपनी उभी राहिली आणि १८९७ च्या मार्चमध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली.

कॅल्थ्रॉपचं हिशेबी डोकं मला आवडतं. त्यानं ठरवलं, की एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. इंजिन असो, डबा असो, मालाची वाघीण असो, सगळ्यांना हा एकच नियम. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च कमी होतो. पण हलक्या रुळावर जड इंजिन कसं चालवायचं? भार जास्त चाकांवर वाटून द्यायचा. लीड्सच्या किटसन कंपनीनं त्याच्यासाठी बांधलेल्या इंजिनांना ओढणारी आठ आणि त्यांच्यामागे चार अशी बारा चाकं होती. डबे आणि वाघिणी पोलादी पत्रा दाबून केलेल्या. एवढ्याशा रुळावर पंधरा टन माल नेणारी वाघीण. जहाजात चढवण्याआधी हे सगळं त्यानं लीड्सजवळ रूळ टाकून लोकांना चालवून दाखवलं. जगभरचे रेल्वेवाले पाहायला आले म्हणतात. माझ्या आजोळच्या ज्या गाडीला आम्ही हसायचो ती आपल्या जमान्यातली नमुन्याची गाडी होती.

इथे थोडं वाट सोडून. या माणसाला अरबी घोड्यांचं वेड होतं. घोडी पाळायचा, त्यांच्यावर पुस्तकही लिहिलं. रोल्स-रॉइसमधला रोल्स त्याचा मित्र. तो १९१० साली विमान कोसळून गेला. त्यानंतर कॅल्थ्रॉप हवाई छत्रीच्या मागे लागला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याची 'गार्डियन एंजल' नावाची छत्री तयार झाली. बार्शीची तूर वाहून नेणारी गाडी आणि विमानातून उडी मारणाऱ्याला वाचवणारी छत्री एकाच डोक्यातून निघाल्या, हे बार्शीच्या एखाद्या अडत्याला सांगितलं असतं तर त्यानं पान थुंकून "आसंल बाबा" म्हटलं असतं.

पुढची वाढ भराभर झाली. १९०६ साली रूळ पंढरपूरला गेला. दुसरीकडे पांगरी, येडशीवरून निजामाच्या मुलखात शिरून १९११ साली लातूरला. आणि १९२७ साली पंढरपूरहून सांगोला, ढालगाव, कवठेमहांकाळ, आरग करत मिरजेला. त्याच वर्षी कॅल्थ्रॉप वारला. मिरज ते लातूर मिळून सव्वातीनशे किलोमीटरचा अरुंद रूळ, आणि त्याच्या पोटात मधोमध कुर्डुवाडी. इंजिनांचं घर इथे, वर्कशॉप इथे, बाबू लोकांची क्वार्टर्स इथे. कंपनीचे मालक लंडनला, प्रवासी चारी दिशांचे, पण वर्कशॉपचा भोंगा वाजला की डबा घेऊन निघायची ती माणसं कुर्डुवाडीची. गावात माणसं राहतात, हे मला त्या भोंग्यानं सांगितलं. सकाळी तो वाजायचा आणि रुळांच्या पलीकडच्या अंगानं सायकलींची रांगच्या रांग निघायची. मी वळकटीवर उभा राहून त्या मोजायचो. आकडा कधीच पुरा व्हायचा नाही.

मोजण्यासारखं आणखी एक होतं. छोटी गाडी सुटायच्या आधी अण्णा मला फलाटाच्या टोकाला फिरवून आणायचे. तिथे मालाचा धक्का. एका अंगाला छोट्या रुळावरची वाघीण, दुसऱ्या अंगाला मोठ्या रुळावरची, मध्ये दगडी ओटा. छोटीतली पोती काढून मोठीत भरायची. एवढंच काम. पण ते मी तासन्‌तास पाहू शकलो असतो.

हमालाच्या डोक्यावरून पाठीवर बारदानाची खोळ. दोघं जण आकडे लावून पोतं उचलणार आणि तिसऱ्याच्या पाठीवर टाकणार. पोतं शंभर किलोचं. तो कमरेत वाकून, मान खाली घालून, तुरुतुरु निघणार. चालत नसे, पळतच असे, कारण थांबलं की भार जाणवतो. मोठ्या वाघिणीचं तळ ओट्यापेक्षा उंच, म्हणून फळी तिरपी लावलेली. ती फळी मधोमध वाकायची. पहिलं पाऊल टाकलं की दबायची, मग वर यायची, आणि वर येताना दुसरं पाऊल पडलं पाहिजे. चुकलं तर गुडघा गेला. त्यांचं चुकत नसे. दाराच्या आत गेला की धप्प असा आवाज, आणि वाघिणीच्या दारावर मुकादम खडूनं एक रेघ ओढायचा. चार रेघा उभ्या, पाचवी आडवी. पंधरा टनांची एक वाघीण म्हणजे अशी दीडशे पोती, दीडशे वेळा ती फळी.

"यंत्रानं का नाही करत?" मी विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "मग हे काय खातील?" मला ते उत्तर तेव्हा उत्तरच वाटलं नाही. आजही पुरतं पटत नाही. माणसाच्या पाठीचा कणा ही काही माल चढवायची शिडी नव्हे. मौज अशी, की खुद्द कॅल्थ्रॉपनं यावर एक तोड काढली होती. इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची आठेक मैलांची चिमुकली रेल्वे त्यानं १९०४ साली बांधली, बार्शीच्याच धर्तीवर. तिथे छोट्या रुळावर चालणाऱ्या सपाट गाड्या होत्या. मोठ्या रुळावरची वाघीण मालासकट त्यांच्यावर चढवायची आणि न्यायची. पोत्याला हात लावायचं कारण नाही. ती रेल्वे १९३४ साली बंद पडली. आमच्या कुर्डुवाडीत मात्र मी पाहिलं ते पाठीवरूनच.

धक्क्यावर पुरुषांइतक्याच बायका असायच्या. पोत्याला आकडा लागला की भोक पडतं, भोकातून तूर गळते. दिवसभरात ओट्यावर तुरीची पिवळट-लाल पायवाट तयार व्हायची. या बायका केरसुणी आणि सूप घेऊन ओट्याच्या कडेला बसलेल्या असायच्या. मुकादम चहाला गेला की पुढे व्हायच्या. झाडायचं, सुपात घ्यायचं, पाखडायचं. खडे, कोळशाची कच, सुतळीचे तुकडे बाजूला, तूर पदरात. एका म्हातारीचं सूप मला अजून दिसतं. कडेचा बांबू तुटलेला, तिथे रेल्वेच्या तांब्याच्या तारेनं शिवलेलं. पाखडताना ती कुणाकडेही पाहत नसे. मुकादम परत आला की तोही तिच्याकडे पाहत नसे. लातूरची डाळ मुंबईला जाताना कुर्डुवाडीला एवढा हात देऊन जायची.

आषाढीच्या दिवसांत इथे काय व्हायचं ते मी पाहिलेलं नाही, आजीकडून ऐकलंय. ती लग्नाआधी एकदा आपल्या आईबरोबर वारीला गेली होती. डबे पुरत नसत म्हणून मालाच्या वाघिणी लावलेल्या. त्यात बसायला काही नाही, दार अर्धं उघडं. माणसं आत, माणसं टपावर, माणसं दोन डब्यांच्या मध्ये. टपावरच्यांना गार्ड खाली उतरवायचा आणि गाडी हलली की ते पुन्हा चढायचे. कॉलऱ्याची सुई टोचून घेतल्यामुळे आजीचा दंड सुजलेला. रात्रभर कुर्डुवाडीच्या फलाटावर मुक्काम, आणि रात्रभर टाळ. "पंढरपुरात काय पाहिलं?" विचारलं तर आजी फारसं सांगायची नाही; गर्दीत कळसच दिसला म्हणायची. कुर्डुवाडीचं मात्र बारीकसारीक सांगायची. नळावरची रांग, कुठल्याशा दिंडीतल्या बाईनं दिलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी, आणि झोपेत कुणाच्या तरी पखवाजाला लागलेलं डोकं. तिची वारी बहुधा इथेच झाली.

१९५४ साली सरकारनं कंपनी विकत घेतली आणि बार्शी लाईट मध्य रेल्वेत आली. आमच्या लहानपणी तिला वीस वर्षं होत आली होती, तरी नाव बदललं नव्हतं. तिच्यावरचे विनोदही ठरलेले. चालत्या गाडीतून उतरायचं, बोरं पाडायची, पुन्हा पुढच्या डब्यात चढायचं. सासुरवाडीला निघालेल्या जावयानं वाटेत दाढी करून घेतली. म्हातारीला गार्ड म्हणाला "बस की गाडीत", तर ती म्हणाली "नको बाबा, आज जरा घाई आहे." हा शेवटचा विनोद मी पुढे अनेक छोट्या गाड्यांबद्दल ऐकला; बहुधा प्रत्येक नॅरोगेजबरोबर तो फुकट मिळत असावा. बोरांचं मात्र खरं आहे. माझ्या मामानं केलंय, बार्शीच्या वाटेवरच्या शेंद्रीच्या अलीकडे. गुडघाही फोडून घेतलाय.

पण त्या हळू चालण्याला हसायचा आपल्याला फारसा अधिकार नाही. पाच टनांच्या हिशेबाची ती गाडी. सत्तर-ऐंशी वर्षं उलटली, लातूर वाढलं, बार्शीत गिरण्या उभ्या राहिल्या, वारीची गर्दी कितीतरी पट झाली, आणि रूळ तोच, अडीच फुटांचा. घोड्याला हत्तीचं ओझं घातलं आणि वर म्हटलं की पळत नाही.

रुंदीकरणाची मागणी जुनी. मराठवाड्याची माणसं त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडली आणि त्यांचं बरोबरच होतं. मुंबईला जायचं तर कुर्डुवाडीला उतरा, माल पाठवायचा तर कुर्डुवाडीला उतरवा, प्रत्येक पोत्यामागे हमाली, गळती, दिरंगाई. बाकी सगळ्या जगाला कुर्डुवाडी ही अडचण होती. शेवटी या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत ते काम झालं, आधी पंढरपूरचा तुकडा, मग लातूरचा, शेवटी मिरजेचा. लातूरचा रूळ टाकताना तो धाराशिववरून, तेव्हाच्या उस्मानाबादवरून नेला. इतकी वर्षं जिल्ह्याचं ठिकाण असून त्या गावाला रेल्वे नव्हती, त्यांना येडशी गाठावी लागायची. तेही बरं झालं. या सगळ्यात वाईट असं काही झालंच नाही. एकच झालं, की कुर्डुवाडीला आता कुणी उतरेना.

म्हणजे जंक्शन आहे. पाट्या आहेत, फलाट आधीपेक्षा लांब आणि स्वच्छ आहेत. चारी दिशांना गाड्या जातात, पूर्वीपेक्षा जास्त. पण त्या जातात. दोन मिनिटं, पाच मिनिटं थांबतात आणि जातात. दोन-अडीच तास अडकून पडलेला प्रवासी हे इथलं पीक होतं. चहावाल्याचं, टांगेवाल्याचं, पोरांच्या हाती काकड्या देऊन फलाटावर पाठवणाऱ्या घरांचं. ते पीक गेलं. धक्क्यावरची फळी गेली. मला वाटतं, ती तारेनं शिवलेली सुपंही गेली असणार. वर्कशॉप टिकलं, माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे दुरुस्तीला तिथे यायचे. सव्वाशे वर्षांची नॅरोगेजची जाण असलेले हात दुसरं काय करणार.

गावानं त्याचं फार मनावर घेतलं असं मात्र दिसत नाही. आजूबाजूचं शिवारच बदलून गेलं होतं. १९८० साली उजनीचं धरण झालं आणि माढा, करमाळा या शाळू ज्वारीच्या तालुक्यांत ऊस शिरला. मग साखर कारखाने, मग केळी, मग डाळिंब. पूर्वी इथला शेतकरी स्टेशनकडे बघून जगायचा. आता तो कारखान्याच्या टोळीकडे आणि टेंभुर्णीच्या हायवेकडे बघतो. एका ओळखीच्या बागायतदाराला मी स्टेशनचं काही विचारलं, तर म्हणाला, "अहो, मी रेल्वेत बसून धा वर्षं झाली." त्याचं घर रुळापासून हाकेच्या अंतरावर.

२०१६ च्या मे महिन्यात मी कामानिमित्त सोलापूरला जाऊन परत येत होतो. परतीची गाडी उशिरा होती आणि काही कारणानं मी कुर्डुवाडीहूनच ती पकडणार होतो. म्हणजे पुन्हा एकदा तोच फलाट आणि वाट पाहणं. त्या वर्षी लातूर कोरडं पडलं होतं. मांजरा धरणात पाणी उरलं नव्हतं आणि मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेनं लातूरला चाललं होतं. एप्रिलमध्ये पहिली गाडी गेली ती दहा वाघिणींची, पाच लाख लिटरची. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. पेपरात वाचलेलं होतं. पण रात्री साडेदहाच्या सुमाराला फलाटाच्या पलीकडच्या रुळावरून एक मालगाडी येऊ लागली, टाक्यांच्या मागे टाक्या, आणि शेजारचा पोऱ्या म्हणाला, "पान्याची आली," तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. हा कॅल्थ्रॉपचाच रस्ता. जागोजागी वळणं बदलली असतील, रूळ रुंद झाला, पण वाट तीच. शंभर वर्षं या वाटेनं मराठवाड्याच्या जमिनीतून निघालेलं सगळं बाहेर गेलं, कापूस गेला, जवस गेला, तूर गेली. आज पहिल्यांदा काहीतरी उलटं, आत चाललं होतं, आणि ते पाणी होतं.

गाडी अगदी हळू गेली. एका टाकीच्या खालच्या तोटीतून थेंब गळत होते. फलाटाच्या दिव्यात ते चमकायचे आणि खडीवर पडून नाहीसे व्हायचे. पोऱ्यानं ते पाहिलं. मीही पाहिलं. मला ती सूप घेतलेली म्हातारी आठवली.

तिथे माल उतरवायचा असता, तर हे पंचवीस लाख लिटर कुणी आणि कशात ओतलं असतं? रुंदीकरण झालं नसतं तर लातूरला पाणी पोचलंच नसतं. जुन्याचा लळा असलेल्या माझ्यासारख्यांनी एवढं कबूल करायला हवं. चार वर्षांनी, २८ डिसेंबर २०२० ला, शेतमाल नेणारी शंभरावी किसान रेल सांगोल्याहून बंगालातल्या शालिमारला सुटली. सांगोला म्हणजे पुन्हा तोच मिरजेचा जुना फाटा. ज्या माणदेशात दुष्काळाखेरीज काही पिकत नाही असं आम्ही ऐकत आलो, तिथली डाळिंबं सांगोल्यात चढून थेट बंगालकडे निघाली. कुर्डुवाडीवरून गेली, आणि पोत्याला, पेटीला इथे कुणाचा आकडा लागायचं कारण पडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन बार्शीला गेलो. मामाच्या नातीचं लग्न होतं. आई चौऱ्याऐंशीची. आताशा तिला तारीख, वार, कुणाला किती मुलं यात गोंधळ होतो. पुण्याहून लातूरची गाडी धरली, थेट बार्शीला उतरणारी. रात्रीची वेळ, डब्यात सगळे झोपलेले. मीही पेंगत होतो. एकदम जाग आली, पाहतो तर आई बर्थवर उठून बसलेली. पायात चपला. शाल घडी करून पिशवीत घातलेली, पिशवी मांडीवर.

"आई, काय झालं?"

"केम गेलं," ती म्हणाली. "ऊठ."

खिडकीबाहेर मिट्ट काळोख होता. तिला केम कसं कळलं, देव जाणे. मी म्हटलं, "अगं, झोप. आता उतरायचं नसतं कुर्डुवाडीला. हीच गाडी जाते बार्शीला."

तिनं माझ्याकडे पाहिलं, लहानपणी खोटं बोललो की पाहायची तसं. "नग मोजलेस?"

"मोजले."

"किती?"

"तीन."

तीन म्हणजे फारच कमी, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. गाडी थांबली. फलाटावर दोन माणसं चढली, एक उतरला. चहावाला खिडकीवरून गेला. गाडी सुटली, दिवे मागे पडले. आई बाहेर बघत होती. शेंद्री गेलं तरी पिशवी मांडीवरच होती.